पांढरीची नोंद : मोबाइल आणि संगणक घेऊन शिवारातला प्राचीन काळ कसा अभ्यासावा

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन रंग. पिकते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी. शेकडो वर्षं चुलीची राख, मातीच्या भिंती, शेण, हाडं, फुटकी गाडगी एकाच जागी साचत गेली की माती राखाडी-पांढरी पडते. गाव उठून जातं, पांढरी तिथंच राहते. विदर्भात अशी उठलेली कितीतरी गावं महसुली कागदांवर ‘रिठी’ म्हणून आजही नावानिशी आहेत. तिथं घर नाही, दिवा नाही, पण नाव आहे.

आणि दर उन्हाळ्यात या पांढऱ्यांवरून ट्रॉल्या भरतात. पांढरीची माती वावरात टाकली की पीक जोर धरतं, हे आपल्या कास्तकाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याची चूक नाही, त्या मातीत खरंच कस असतो. पण दोन-अडीच हजार वर्षांची वस्ती त्या ट्रॉल्यांबरोबर पसरून जाते आणि ती कुठं होती हेसुद्धा कुठं लिहिलेलं नसतं. उत्खनन करणं आपल्या हातात नाही. नोंद करणं आहे. एक मोबाइल, आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं एवढ्यावर हे काम सुरू होतं.

कुठून सुरुवात करू नये

कॉलेजातली मुलं पहिल्या भेटीत हमखास कृत्रिम बुद्धिमत्तेचं विचारतात. त्यांनी ऐकलेलं खरं आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या न उलगडता वाचण्याचं काम चालू आहे, आणि २०२३ मध्ये त्यातला ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द संगणकाच्या मदतीनं सापडला. पण त्याच्यामागं अतिशय बारकाईनं केलेली क्ष-किरण छायाचित्रं होती, आणि शाईच्या खुणा पडद्यावर डोळ्यांनी शोधून हातानं नोंदणारी माणसं होती. आपल्या शिवाराची तशी पहिली नोंदच अजून झालेली नाही. म्हणून आधी ती.

पहिली पायरी : मोजता येईल असा प्रश्न

‘माझ्या गावाचा इतिहास’ हा प्रश्न संगणकाला घालता येत नाही. ‘माझ्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत जुन्या पांढऱ्या किती, आणि त्या ओढ्या-नदीपासून किती लांब?’ हा घालता येतो. मी नवख्यांना हाच देतो, कारण त्याला जोडून दुसरा प्रश्न आपोआप येतो : शिळावर्तुळं कुठं आहेत?

नागपूरच्या आसपास ही मोठमोठ्या दगडांची वर्तुळं म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोहयुगीन माणसांची दफनस्थानं. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खोदून पाहिलं आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. माहुरझरीला वर्तुळांबरोबर मणी घडवण्याच्या खुणा मिळाल्या, नायकुंडला पेंच नदीकाठी लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. टाकळघाटला वस्ती आणि शेजारच्या खापाला वर्तुळं अशी जोडी आहे. जिवंतांची जागा आणि मेलेल्यांची जागा अशा वेगवेगळ्या. तुमच्या भागात तसंच आहे का, हे मोजून सांगता आलं तर ती खरी भर आहे.

दुसरी पायरी : घरबसल्या कागद

शिवारात जाण्याआधी पंधरा दिवस वाचनाला द्या. हेन्री कझिन्सची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी १८९७ ची, रायबहादूर हिरालालांची शिलालेखांची यादी १९१६ ची. दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे १९५३-५४ पासूनचे वार्षिक आढावे पीडीएफमध्ये मिळतात. त्यात आपल्या तालुक्याचं नाव शोधा. स्पेलिंग चार तऱ्हेनं टाकून पाहा, कारण इंग्रजांनी एकच गाव चार तऱ्हेनं लिहिलेलं आहे.

मग नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. गावनकाशा महाभूनकाशावर पाहता येतो. एक लक्षात ठेवा : नागपूर-वर्ध्याकडं जुन्या कागदात खसरा नंबर भेटतो, वऱ्हाडात सर्वे नंबर. मालगुजारी आणि रयतवारी अशा दोन वेगळ्या पद्धतींचा तो माग आहे. कोणता नंबर कोणत्या सालच्या कागदातला, हे लिहिलं नाही तर पुढं त्याचा काही उपयोग होत नाही.

तिसरी पायरी : वरून बघणं

गूगल अर्थ प्रो लॅपटॉपवर घ्या. त्यात जुन्या वर्षांची चित्रं पाहायची पट्टी असते. ती सरकवत एप्रिल-मे महिन्यातलं चित्र गाठा. कापूस-तूर निघालेली, गहू-हरभरा उचललेला, उन्हाळवाही झालेली, जमीन उघडी. काळ्या मातीत पांढरी फिकट डागासारखी दिसते. बहुधा लांबट गोल, बहुधा पाण्याजवळ. प्रत्येक डागावर खूण करा आणि खुणेला क्रमांक द्या, नाव नको. नाव दिलं की मन त्याला पांढरी समजायला लागतं.

फसवणारे डाग पुष्कळ असतात. तलावातला गाळ काढून टाकलेलं वावर, बंद पडलेली वीटभट्टी, जुनं खळं, शेततळ्याची काढलेली माती हे सगळं वरून फिकटच दिसतं. बरडावरचा प्रत्येक गोल काही शिळावर्तुळ नसतो, धनगरांच्या मेंढ्यांचा काटेरी वाडा उठल्यावरही तसाच गोल राहतो. अशा वेळी पट्टी मागं न्या. दहा वर्षांपूर्वी डाग नव्हता तर तो आपल्या कामाचा नाही.

आता पीक उभं असतानाचं बघू. हे मला एका म्हाताऱ्या कास्तकारानं शिकवलं, उपग्रहानं नंतर. त्यांच्या वावरात एका कोपऱ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि बाकी कमरेएवढी. मी विचारलं, “काकाजी, इथं खत जास्त पडलं का?” ते म्हणाले, “खत कायचं बापू! ते पांढरं हाय. माह्या बापाच्या काळापासून तेवढ्यातच उचलते.” सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंतला फरक त्यांच्याच बेरजेनं भागला की एनडीव्हीआय हा आकडा येतो, आणि जिथं पीक जोमात तिथं तो जास्त. काकाजींचा कोपरा त्या चित्रात वेगळा उठून दिसला. पण त्यांनी सांगितलं नसतं तर मी तिथं बघितलंच नसतं.

या चित्राची मर्यादाही समजून घ्या. सेंटिनेलचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा. दीडशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद पांढरी दीडशे ठिपक्यांत पसरते, म्हणून ओळखू येते. दहा-पंधरा मीटर व्यासाचं शिळावर्तुळ एक-दोन ठिपक्यांत मावतं, म्हणजे दिसतच नाही. वर्तुळांसाठी गूगल अर्थचं बारीक चित्र आणि आपले पाय.

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारासाठी आणखी एक सोय आहे. अमेरिकेच्या ‘करोना’ हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये गुप्ततेतून मोकळी झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर, ज्यांचं स्कॅन आधीच झालंय ती फुकट उतरवता येतात. मोठी धरणं आणि कालवे होण्याआधीचं विदर्भ त्यात दिसतं. बुलढाण्यात पूर्णाकाठचं भोन, जिथं स्तूपाचे अवशेष निघाले, तेही जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येतं. उद्या पाणी चढल्यावर मागं काय होतं ते सांगायला अशीच चित्रं उरतात.

चौथी पायरी : पायी

शिवारात एकटं, न सांगता जायचं नाही. आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, मग वावराच्या मालकाला. मोबाइल धरून धुऱ्या-धुऱ्यानं फिरणारा माणूस दिसला की गावाला दोनच शंका येतात : गुप्तधन शोधणारा, नाहीतर जमीन संपादनाच्या मोजणीवाला. दोन्हींचा गावानं त्रास भोगलेला आहे. “काऊन हिंडून रायला बापू आमच्या वावरात?” असं कुणी विचारलं तर राग मानू नका. बसा, पाणी मागा, नोंदवही उघडून दाखवा. बहुतेक वेळा तोच माणूस तुम्हाला तिसऱ्या पांढरीवर घेऊन जातो.

उत्तम काळ दोन : वखरणीनंतरचा, आणि पहिल्या एक-दोन पावसानंतरचा. पाऊस खापरांवरची माती धुऊन टाकतो. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत सरळ रेषांत चाला, दोन रेषांमध्ये दहा-दहा पावलांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक रेषेत दिसलेली खापरं मोजा. उचलून घरी न्यायची नाहीत. जागेवर फोटो काढायचा, शेजारी मापाची पट्टी ठेवून, आणि तिथंच ठेवून द्यायची. काळी-तांबडी, म्हणजे आतून काळी आणि बाहेरून तांबडी अशी पातळ खापरं दिसली तर वेगळा फोटो घ्या, ती लोहयुगाकडं बोट दाखवू शकतात. मणी, नाणं, मूर्ती काही मिळालं तर हात न लावता तहसीलला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. आज मंगरूळपीर तालुक्यात असलेल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तो वितळला असता तर कितीतरी राजांची नावं आपल्याला आज माहीत नसती.

शेंदूर लागलेल्या दगडाला कधीही खरडू नका. तो देव आहे.

पाचवी पायरी : तक्ता

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त काम इथंच वाया जातं.

एक ओळ म्हणजे एक जागा. रकाने असे : क्रमांक, मौजा, जनगणनेचा गाव-कोड, खसरा किंवा सर्वे नंबर, अक्षांश, रेखांश, जीपीएसची अचूकता, पाहिल्याची तारीख, कुणी पाहिलं, काय दिसलं, कुणी सांगितलं, खात्री. गाव-कोड अनावश्यक वाटेल. पण पिंपळगाव आणि टाकळी विदर्भात किती आहेत ते आठवून पाहा. २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी कोड प्रत्येक गावाला वेगळा आहे, त्यामुळे घोळ होत नाही.

आकडे इंग्रजी अंकांतच टाका. आपण मराठी अंक लिहिले तर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर, त्यांना आकडा न मानता अक्षरं मानतं आणि नकाशावर काहीच उमटत नाही. अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत घ्या, अंश-मिनिट-सेकंदात नको, आणि दशांशानंतर पाच स्थळं ठेवा. पाचव्या स्थळाचा अर्थ सुमारे एक मीटर, चौथ्याचा अकरा मीटर. मोबाइलचं जीपीएस उघड्या रानात तीन-पाच मीटर इकडंतिकडं होतंच, म्हणून आठ-दहा स्थळं लिहून अचूकता येत नाही.

पहिल्या वर्षी माझे अक्षांश आणि रेखांशाचे रकाने अदलाबदल झाले. विदर्भ म्हणजे साधारण २१ उत्तर, ७९ पूर्व. उलटं केलं की ७९ उत्तर, २१ पूर्व. माझ्या सगळ्या पांढऱ्या नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ स्वालबार बेटांवर जाऊन पडल्या. ही चूक लगेच दिसते म्हणून सुधारते. न दिसणारी चूक मात्र घातक : पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच रकान्यात लिहिणं. ‘कुणी पाहिलं’ आणि ‘कुणी सांगितलं’ हे दोन रकाने म्हणूनच वेगळे ठेवलेत.

ग्रीक-रोमन जगाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्लेयाडीस नावाचा प्राचीन स्थळांचा खुला कोश उभा केला आहे. त्यातली एक गोष्ट आपण उचलावी. तिथं स्थळ, त्याचं नाव आणि त्याचं नकाशावरचं ठिकाण या तीन वेगळ्या नोंदी मानतात. नाव बदलतं, ठिकाणाबद्दल मतभेद होतात, स्थळाचा क्रमांक मात्र कायम. आपल्याला याची किती गरज आहे ते प्रवरपुराकडं पाहिलं की कळतं. प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची ही राजधानी म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडलं. रामटेकजवळच्या मनसरच्या बाजूनं मत देणारे अभ्यासकही आहेत. तक्त्यात प्रवरपूर एकदाच येईल, ठिकाणं दोन येतील, आणि प्रत्येकापुढं मत कुणाचं ते लिहिलेलं असेल.

सहावी पायरी : नकाशा

क्यूजीआयएस उघडा, तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करून आत घ्या. मापं घेण्याआधी प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदलावा लागतो आणि इथं विदर्भाची खास अडचण आहे. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचे पट्टे ७८ अंश रेखांशावर तुटतात आणि ती रेषा अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून जाते. अकोला, बुलढाणा, वाशिम पट्टा ४३ मध्ये, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये प्रक्षेपाचा कोड ३२६४३. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर पट्टा ४४ मध्ये, कोड ३२६४४. मोर्शी किंवा यवतमाळकडं काम करत असाल तर एक पट्टा निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

मग ओढे-नद्यांच्या रेषा भरा. मोठ्या नद्या खुल्या माहितीत मिळतात, लहान ओढे सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून स्वतः काढा. प्रत्येक जागेपासून जवळच्या पाण्याचं अंतर काढणारी आज्ञा प्रक्रियांच्या यादीत आहे. पाच मिनिटांचं काम. पांढऱ्यांची अंतरं एका रांगेत, वर्तुळांची दुसऱ्या रांगेत ठेवा आणि बघा. वीसपेक्षा कमी जागा असतील तर सरासरी काढू नका, सगळे आकडे तसेच दाखवा. आणि ओढा जागा बदलतो हे ध्यानात असू द्या.

अक्षरं आणि दगड

झिजलेली अक्षरं वाचायला महागडं यंत्र लागत नाही. रात्री जा, कॅमेरा तिपायीवर स्थिर ठेवा आणि टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरा. आडव्या प्रकाशात खळगे सावल्यांनी भरतात आणि भरदुपारी सपाट दिसणारी रेघ अचानक अक्षर होते. टॉर्च बारा दिशांनी फिरवून बारा फोटो घ्या. चौकटीत एक काळा चकचकीत गोळा ठेवलात तर त्याच्यावरच्या चमकेवरून प्रकाशाची दिशा संगणकाला कळते, आणि मग पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवता येतो. पीठ, खडू, तेल दगडावर लावायचं नाही.

वीरगळ किंवा मूर्तीचं त्रिमितीय रूप हवं असेल तर ढगाळ सकाळी भोवती फिरून साठ-सत्तर फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. झूम करायचं नाही, पुढं-मागं व्हायचं. मेशरूम हे फुकट सॉफ्टवेअर त्यातून आकार बांधतं. त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते नसेल तर जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा.

ज्यांना भाषेची आवड आहे त्यांनी ताम्रपटांकडं वळावं. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट घ्या. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी दिलेलं हे दान : भोजकट राज्यात, मधुनदीच्या तीरावर, चर्मांक नावाचं गाव, राजमानानं, म्हणजे राजाच्या मापानं, ८००० भूमी (हे जमिनीचं माप), १००० ब्राह्मणांना. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तो १८८८ मध्ये छापला, मिराशींनी १९६३ च्या वाकाटक लेखसंग्रहात पुन्हा संपादला. चर्मांकचं चम्मक झालं, गाव अजून तिथंच आहे, आणि भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली असं मानतात. एका लेखातून गाव, नदी, प्रदेश, मोजमाप, साल असे पाच रकाने भरले. असे दहा-बारा वाकाटक लेख भरा आणि नकाशावर टाका, राजाची सत्ता कुठवर पोचली होती हे नुसत्या वाचनापेक्षा वेगळं दिसू लागतं. ‘सिद्धम’ हा गुप्त-वाकाटक काळातल्या लेखांपासून सुरुवात केलेला, इंटरनेटवरचा खुला लेखसंग्रह यासाठी उपयोगी आहे. तिथल्या पाठात कोणतं अक्षर स्पष्ट, कोणतं पुसट आणि कोणतं संपादकानं भरलेलं, हे वेगवेगळं नोंदतात. आपणही तेच पाळायचं, एका अक्षरापुरतंसुद्धा.

काय दाखवायचं, काय झाकायचं

दशांशाच्या पाच स्थळांपर्यंतचा अचूक पत्ता इंटरनेटवर कधीही टाकू नका. गुप्तधनाच्या नादानं अमावास्येला खड्डे खोदणारी टोळकी आपल्या भागात आहेत, त्यांना नकाशा द्यायचा नाही. बाहेर देताना दशांशाची दोनच स्थळं ठेवा, म्हणजे जागा किलोमीटरभर धूसर होते. पूर्ण तक्ता पुरातत्त्व विभागाला आणि जवळच्या विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाला द्या. ड्रोन उडवायचा मोह होईल. २०२१ च्या नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सवलती आहेत, पण संरक्षित स्मारकाजवळ परवानगीशिवाय तोही नाही. तक्त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. माझा एक अख्खा उन्हाळा मोबाइलबरोबर विहिरीत गेला आहे.

शेवटी नकाशाची मोठी छापील प्रत काढून गावात न्या. मी ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली, जागांभोवती ढोबळ गोल काढून. पंधरा दिवसांनी गेलो तर कुणीतरी पेननं पांदणीच्या पलीकडं सहावा गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘इथं बी हाय, आजी सांगे.’ तो तक्त्यात गेला : क्रमांक सहा, कुणी पाहिलं हा रकाना रिकामा, खात्री ऐकीव. वखरणी झाली की तिथं चालायला जायचं आहे.